दहा महिन्यांची आघाडी

१९७६ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेतल्या दुकानांत एक नवं यंत्र दाखल झालं. किंमत १७० डॉलरच्या आसपास, अंगावर लाकडाचा भास देणारी पट्टी आणि पुढच्या बाजूला एक खाच. त्या खाचेत पिवळ्या रंगाचं जाडजूड कार्ट्रिज सरकवलं की टीव्हीवर नवा खेळ सुरू व्हायचा. कंटाळा आला की ते काढायचं आणि दुसरं घालायचं. आज यात कुणालाच नवल वाटणार नाही. पण तोवर घरी खेळायच्या यंत्रांत कारखान्यातून जे खेळ बसवून येत, तेवढेच खेळता येत. टेनिसचं यंत्र आणलं की टेनिसच खेळायचं, आणि टेनिसचा कंटाळा आला की यंत्र जायचं माळ्यावर.

हे यंत्र पुढे चॅनल एफ या नावानं ओळखलं गेलं. ते बनवलं फेअरचाइल्डनं. ही मुळात चिप बनवणारी कंपनी. इंटेलचे संस्थापक याच कंपनीतून बाहेर पडले होते. बदलता येणाऱ्या कार्ट्रिजची कल्पना अल्पेक्स नावाच्या एका छोट्या कंपनीतल्या वॉलेस किर्श्नर आणि लॉरेन्स हॅस्केल यांची. ती बाजारात विकता येईल अशा वस्तूत उतरवण्याचं काम ज्यांच्या नेतृत्वाखाली झालं, ते इंजिनिअर म्हणजे जेरी लॉसन. १९४० साली ब्रुकलिनमध्ये जन्मलेले लॉसन कृष्णवर्णीय होते, आणि त्या काळी सिलिकॉन व्हॅलीत कृष्णवर्णीय इंजिनिअर अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

लॉसन यांच्यापुढचे प्रश्न वरवर किरकोळ वाटतात, पण त्याआधी ते कुणी सोडवलेलेच नव्हते. चिप ही नाजूक वस्तू, कारखान्यात एकदा पट्टीवर बसवली की पुन्हा हात न लावायची. ती आता एखादं आठ वर्षांचं पोर दिवसातून वीस वेळा खाचेत खुपसणार आणि ओढून काढणार होतं. तेवढं सोसूनही आतल्या धातूच्या जोडण्या झिजता कामा नयेत. गालिच्यावरून चालत आलेल्या पोराच्या बोटांतल्या स्थिर विजेनं चिप जळता कामा नये. शिवाय अमेरिकी सरकारच्या दळणवळण खात्याची परवानगी हवी, कारण अशा यंत्रातून निघणाऱ्या रेडिओ लहरींनी शेजाऱ्याच्या टीव्हीवर मुंग्या आल्या तर ते चालणार नव्हतं. त्यासाठी यंत्राचा मुख्य बोर्ड ॲल्युमिनियमच्या आवरणात बंदिस्त करावा लागला, कार्ट्रिजच्या खाचेभोवती धातूची नळी बसवावी लागली, आणि नवं कार्ट्रिज तयार झालं की दरवेळी ते खात्याकडे तपासणीला पाठवावं लागायचं. याच यंत्रावर ‘होल्ड’ नावाचं एक बटण होतं. ते दाबलं की चालू खेळ जागच्या जागी थांबायचा. जेवायला हाक आली म्हणून खेळ थांबवण्याची सोय घरगुती कन्सोलवर तिथून आली.

इकडे कॅलिफोर्नियातच अटारी ही कंपनी स्वतःचं कार्ट्रिजवालं यंत्र बनवत होती. फेअरचाइल्ड पुढे निघून जात आहे हे दिसल्यावर अटारीचे संस्थापक नोलन बुशनेल यांच्यावरचं दडपण वाढलं. यंत्र पूर्ण करायला पैसा हवा होता. १९७६ मध्येच त्यांनी अख्खी कंपनी सुमारे २ कोटी ८० लाख डॉलरना वॉर्नर या बड्या मनोरंजन कंपनीला विकली. अटारीचं यंत्र दुकानात आलं सप्टेंबर १९७७ मध्ये. म्हणजे फेअरचाइल्डला मोकळं मैदान मिळालं ते दहा महिने.

त्या दहा महिन्यांत फेअरचाइल्डनं काय दिलं? फुली-गोळा, पत्त्यांतला ब्लॅकजॅक, गणिताची कोडी, साधी नेमबाजी. यंत्र नवं, पण त्यावरचे खेळ पाहून शेजारच्या घरातला मुलगा हट्ट धरून बसेल असं त्यांत काही नव्हतं. अटारीलाही पहिली दोन वर्षं जडच गेली, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. तिचं नशीब पालटलं १९८० मध्ये, ‘स्पेस इनव्हेडर्स’ हा गेम-पार्लरमधला गाजलेला जपानी गेम रीतसर परवाना घेऊन तिनं घरच्या टीव्हीवर आणला तेव्हा. तोवर फेअरचाइल्ड या धंद्यातून बाहेर पडली होती. १९७९ मध्येच तिनं गाशा गुंडाळला. वॉर्नरचा पैसा अटारीला तीन वर्षं तगवू शकला, फेअरचाइल्डच्या मालकांना तेवढा दम नव्हता. अटारीचं यंत्र पुढे सुमारे तीन कोटी घरांत गेलं. चॅनल एफ काही लाखांवर थांबलं. अटारीला आयत्या बिळावरचा नागोबा म्हणणं अन्यायाचं होईल, कारण तिचं काम आधीपासून चालू होतं. पण लॉसन यांचं नाव तीन दशकं जवळपास विसरलं गेलं हाही अन्यायच. गेम बनवणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं त्यांचा गौरव केला तो मार्च २०११ मध्ये. पुढच्याच महिन्यात ते गेले.

पहिलं असण्याची किंमत या धंद्यात इतर धंद्यांपेक्षा वेगळी का ठरते, हे समजायला कन्सोलचा हिशेब पाहावा लागतो. फ्रिज विकणारा फ्रिजवर नफा कमावतो. कन्सोल विकणारी कंपनी मात्र यंत्र बरेचदा तोट्यात किंवा नाममात्र नफ्यात विकते आणि खरी कमाई करते ती गेमवर. स्वतःच्या गेमवर आणि दुसऱ्यांनी बनवलेल्या प्रत्येक गेममागे मिळणाऱ्या परवाना शुल्कावर. गेम बनवणारे स्टुडिओ जिथं खेळणारे जास्त तिथं जातात. खेळणारे जिथं गेम जास्त तिथं जातात. हे चक्र एकदा एका कंपनीच्या बाजूनं फिरू लागलं की दुसरीला ते थांबवणं अवघड होऊन बसतं. त्यात कन्सोलची एक पिढी साधारण पाच-सहा वर्षांची, आणि एका घरात सहसा एकच कन्सोल. म्हणून सुरुवातीचे काही महिने सोन्याच्या मोलाचे. नवी गोष्ट सर्वांत आधी आणणाऱ्याला बाजारपेठ आपोआप मिळत नाही. मिळतो तो हे चक्र फिरवायला निवांत वेळ.

बाजारात हरूनही पहिलेपणाचे पैसे वसूल करणारं एक उदाहरण याच इतिहासाच्या अगदी आरंभी आहे. राल्फ बेअर यांचा जन्म १९२२ चा, जर्मनीतला. ज्यू असल्यामुळे १९३८ मध्ये त्यांचं कुटुंब अमेरिकेला निघून गेलं. संरक्षण खात्याची कामं करणाऱ्या सँडर्स या कंपनीत इंजिनिअर असताना, १९६६ मध्ये, टीव्हीवर खेळ खेळण्याची कल्पना त्यांनी चार पानांवर लिहून काढली. त्यातून १९७२ मध्ये मॅग्नाव्हॉक्स कंपनीचं ऑडिसी हे पहिलं घरगुती कन्सोल आलं. त्याला आवाज नव्हता. पडद्यावर फक्त पांढरे ठिपके आणि एक रेघ. मैदान, भिंती, रंग हे सगळं पारदर्शक प्लॅस्टिकच्या चित्रांतून, आणि ती चित्रं टीव्हीच्या काचेवर लावायची. पेटीत फासे आणि पत्तेही असायचे, कारण गुण मोजणं यंत्राला जमत नसे. यातही घालायची कार्डं होती, पण कार्डात खेळ साठवलेला नसे. ते फक्त आतल्या जोडण्या बदलत असे. आणि अनेक गिऱ्हाइकांचा समज झाला की हे यंत्र मॅग्नाव्हॉक्सच्याच टीव्हीवर चालतं.

मे १९७२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्लिंगेम इथं मॅग्नाव्हॉक्सनं ऑडिसीचं प्रदर्शन भरवलं होतं. तिथल्या पाहुण्यांच्या वहीत बुशनेल यांनी सही केली आणि टेनिसचा खेळ खेळून पाहिला. काही महिन्यांनी अटारीचा ‘पाँग’ हा टेनिसचाच खेळ आला आणि अमेरिकेतले बार आणि पार्लर त्यानं भरून टाकले. बेअर यांच्या पेटंटांच्या आधारे मॅग्नाव्हॉक्सनं खटला भरला तेव्हा ती वही पुरावा म्हणून हजर झाली. १९७६ मध्ये अटारीनं तडजोड करून परवाना घेतला. मग एकामागून एक कंपन्या त्या पेटंटांपुढे नमल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या एका प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी १९५८ मध्येच ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिस दाखवलं होतं, असा मुद्दा घेऊन निंटेंडोसुद्धा ती पेटंटं मोडीत काढायला न्यायालयात गेली. तीही हरली. खटले आणि तडजोडींतून मिळालेली एकूण रक्कम दहा कोटी डॉलरच्या वर गेली. ऑडिसी घरोघरी पोचला नाही, पण ज्यांचे खेळ पोचले त्यांच्यापैकी बहुतेकांना बेअर यांच्या कल्पनेचं भाडं द्यावं लागलं.

पहिलं येणं म्हणजे दरवेळी नवा शोध लावणंच असतं असं नाही. कधी सगळे पळून गेलेल्या मैदानात पहिलं परतणं हेही पहिलेपण असतं. १९८३ मध्ये अमेरिकेतली गेमची बाजारपेठ कोसळली. कुणीही उठून कार्ट्रिज काढत होतं, दर्जा ढासळला होता आणि दुकानदारांच्या गोदामांत माल सडत होता. तीन अब्ज डॉलरचा धंदा दोन वर्षांत दहा कोटींच्या आसपास आला. त्याच वर्षी, १५ जुलैला, क्योटोच्या निंटेंडोनं जपानमध्ये फॅमिकॉम आणला होता. १९८५ मध्ये ती तोच कन्सोल वेगळ्या रूपात घेऊन न्यूयॉर्कला आली तेव्हा ‘व्हिडिओ गेम’ हे शब्दही दुकानदारांना नकोसे झाले होते. निंटेंडोनं सोबत एक छोटा रोबो दिला, म्हणजे खेळणं म्हणून तरी फळीवर जागा मिळावी. न खपलेला माल परत घेऊ असा शब्द दिला. प्रत्येक कन्सोलमध्ये कुलपासारखी एक चिप बसवली, जेणेकरून निंटेंडोच्या परवानगीशिवाय बनवलेलं कार्ट्रिज चालूच नये. परवाना घेणाऱ्या कंपनीला वर्षाला मोजकेच गेम काढता येत, आणि ते गेम ठरावीक काळ दुसऱ्या कन्सोलसाठी देता येत नसत. रिकाम्या मैदानात आधी येऊन निंटेंडोनं मैदानाला कुंपणच घातलं. स्टुडिओंना ते जाचक होतं, यात शंका नाही.

ही आघाडी किती खोल रुजली हे महाराष्ट्रातल्या घरांतही पाहायला मिळालं. नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत ज्या ‘टीव्ही गेम’वर मुलांनी मे महिन्याच्या सुट्ट्या घालवल्या, ते बहुतेक फॅमिकॉमचीच नक्कल होते, तैवान आणि चीनमधून आलेले. कार्ट्रिजला सगळे ‘कॅसेट’ म्हणत. कॅसेट चालली नाही की तिच्या तोंडाशी फुंकर मारायची आणि पुन्हा घालायची, हे कुणी शिकवावं लागत नसे. वेष्टनावर ‘९९९९ इन वन’ छापलेलं असे आणि आत तेच वीस-पंचवीस गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा येत. पण ते गेम होते ‘मारिओ’, ‘काँट्रा’, ‘डक हंट’. निंटेंडोला यातून दमडी मिळत नव्हती. नकला करणाऱ्यांनी तोपर्यंत आलेली जास्त ताकदीची यंत्रं सोडून १९८३ चंच यंत्र उचललं, याचं एक मोठं कारण म्हणजे गेमचा सर्वांत मोठा साठा त्यावर होता. कंट्रोलरवरचं फुलीच्या आकाराचं दिशांचं बटणही गुनपेई योकोई यांनी १९८२ मध्ये निंटेंडोच्या हातात मावणाऱ्या ‘डाँकी काँग’साठी काढलेलं. आपल्याकडच्या कितीतरी मुलांच्या अंगठ्याला पहिलं वळण त्याच बटणानं लावलं.

वेळ मिळणं आणि तो वापरणं यातला फरक सेगा या कंपनीच्या दोन कन्सोलांत जितका स्पष्ट दिसतो तितका दुसरीकडे क्वचितच दिसेल. सेगाचा मेगा ड्राइव्ह, अमेरिकेतलं नाव जेनेसिस, तिथं ऑगस्ट १९८९ मध्ये आला. निंटेंडोचा १६ बिटचा कन्सोल यायला अजून दोन वर्षं होती. सेगानं ती दोन वर्षं वाया घालवली नाहीत. पार्लरमधले आपले गेम आणले, अमेरिकी फुटबॉलचे गेम मिळवले, आणि जून १९९१ मध्ये ‘सॉनिक’ हा निळा, सुसाट धावणारा हेजहॉग आणून तो कन्सोलच्या पेटीतच द्यायला सुरुवात केली. काही काळ अमेरिकेत सेगा निंटेंडोच्या पुढे होती, जे १९८८ मध्ये कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. ऑगस्ट १९८९ मध्येच एनईसी कंपनीचा टर्बोग्राफ्क्स हा कन्सोलही तिथं आला होता. त्याला तसे गेम जमवता आले नाहीत आणि तो मागे पडला.

पुढचा कन्सोल सॅटर्न. तो अमेरिकेत सप्टेंबर १९९५ मध्ये येणार असं जाहीर झालं होतं. सोनी पहिल्यांदाच या धंद्यात उतरत होती, प्लेस्टेशनही सप्टेंबरमध्येच येणार होता. सेगाला पहिलं यायचं होतं. ११ मे १९९५ रोजी लॉस एंजेलिसमधल्या ई-थ्री मेळाव्यात सेगा ऑफ अमेरिकाचे प्रमुख टॉम कालिन्स्की यांनी जाहीर केलं की सॅटर्न आजच दुकानात आहे, किंमत ३९९ डॉलर. माल मोजक्याच साखळी-दुकानांना गेला होता. ज्यांना मिळाला नाही ते दुकानदार संतापले. केबी टॉईज या साखळीनं तर सेगाचा माल ठेवणंच बंद केलं. बाहेरचे स्टुडिओ सप्टेंबर धरून काम करत होते, त्यामुळे कन्सोलसोबत मूठभर गेम होते, तेही सेगाचेच. त्याच दिवशी सोनीचे स्टीव्ह रेस मंचावर आले, ‘२९९’ एवढंच म्हणाले आणि खाली उतरले. टाळ्यांचा कडकडाट झाला. सेगानं चार महिन्यांची आघाडी घेतली होती, पण त्या चार महिन्यांत विकायला काही नव्हतं, आणि विकणारेही दुखावले होते.

नवी गोष्ट प्रत्येक पेटीत असणं, हा या धंद्यातला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा म्हणायला हवा. कन्सोलवर सीडी पहिल्यांदा आणली ती सोनीनं नव्हे, एनईसीनं, डिसेंबर १९८८ मध्ये, जपानमध्ये. पण ती जोडणी म्हणून, वेगळे आणि भरपूर पैसे मोजून घ्यायची. सेगानंही १९९१ मध्ये तसंच केलं. जोडणी घेणारे नेहमी थोडे; स्टुडिओ गेम बनवताना त्या थोड्यांचा विचार का करतील? जपानमध्ये एनईसीनं सीडीवर बरं नाव मिळवलं, अमेरिकेत नाही. सोनीनं डिसेंबर १९९४ मध्ये, जपानमध्ये आधी, सीडी प्रत्येक प्लेस्टेशनच्या पोटातच बसवली, आणि स्टुडिओंना महागड्या कार्ट्रिजमधून सुटका मिळाली. सोनी सहा वर्षं उशिरा आली होती. पण मोठे, स्वस्तात छापता येणारे गेम घरोघरी पोचवणारी पहिली तीच ठरली.

अंगठ्यानं फिरवायच्या छोट्या दांडीची गोष्ट थोडी वेगळी. किती ढकलली त्यावर वेग ठरावा, अशी दांडी १९८२ मध्येच दोन कन्सोलांवर होती. व्हेक्ट्रेक्सची दांडी चांगली होती, पण कन्सोल लवकर बंद पडला. अटारी ५२०० ची दांडी सोडल्यावर मधोमध परत येत नसे आणि वारंवार बिघडत असे. चौदा वर्षं ही कल्पना जवळपास पडूनच राहिली. जून १९९६ मध्ये निंटेंडो ६४ आला, त्याच्या प्रत्येक कंट्रोलरवर ही दांडी होती, आणि सोबत होता ‘सुपर मारिओ ६४’. तो बनवणाऱ्या शिगेरू मियामोतो यांच्या चमूनं सुरुवातीचा बराच काळ शत्रू, टप्पे, गोष्ट यांत घातलाच नव्हता. मारिओला मोकळ्या जागेत नुसतं पळवायचं, हळू ढकललं तर तो चवड्यांवर चालतो का, गर्रकन वळवलं तर घसरतो का, एका सशाच्या मागे धावताना मजा येते का, हे ते पाहत होते. त्रिमिती जगात एखाद्या पात्राला चालवायचं कसं, याचं उत्तर लोकांच्या हाताला तिथं मिळालं. सोनीनं एप्रिल १९९७ मध्ये दोन दांड्यांचा कंट्रोलर आणला. पुन्हा मधलं अंतर दहाच महिन्यांचं. आज जवळजवळ प्रत्येक कंट्रोलरवर दोन दांड्या असतात, म्हणजे मांडणी सोनीची टिकली. पण सोनीचा तो कंट्रोलर वेगळा विकत घ्यायचा होता, आणि दोन्ही दांड्यांशिवाय खेळताच येणार नाही असा गेम, ‘एप एस्केप’, यायला १९९९ उजाडलं. त्या मधल्या काळात त्रिमिती खेळांची भाषा निंटेंडोच लिहीत होती.

हे सगळं मनात ठेवून ड्रीमकास्टकडे पाहिलं की हळहळ वाटते. नोव्हेंबर १९९८ मध्ये जपानमध्ये आणि ९ सप्टेंबर १९९९ रोजी अमेरिकेत आलेल्या सेगाच्या या कन्सोलमध्ये मोडेम आतच बसवलेला होता. सीडीच्या वेळची चूक सेगानं टाळली. सेगाचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांचा इंटरनेटवर ठाम विश्वास होता, आणि कन्सोल एकमेकांना जोडले जाणार हे त्यांनी वेळेच्या बरंच आधी ओळखलं. डिसेंबर २००० मध्ये ‘फँटसी स्टार ऑनलाइन’ आला. चौघांनी मिळून खेळायचा हा गेम. जपानमधला एक, जर्मनीतला एक, अमेरिकेतले दोन असे चौघं एकत्र येत. ठरावीक शब्द आणि वाक्यं यादीतून निवडली की ती समोरच्याला त्याच्या भाषेत दिसत. जपानी, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश अशा पाच भाषांत. एकमेकांची भाषा न येणारे अनोळखी लोक राक्षसाशी लढताना ‘मदत करा’ आणि ‘धन्यवाद’ म्हणू शकत होते. टेलिफोनच्या तारेवरून, घरचा फोन अडवून ठेवत, मिनिटामिनिटाचं बिल भरत जपानमधली मुलं हे खेळत होती.

तो फोनच आडवा आला. ब्रॉडबँड घराघरांत पोचलं नव्हतं, त्यामुळे पेटीत असूनही मोडेमचा उपयोग थोड्यांनाच होता. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या मोठ्या कंपनीनं ड्रीमकास्टसाठी गेम बनवलेच नाहीत. आणि मार्च २००० मध्ये सोनीचा प्लेस्टेशन २ आला. त्यात मोडेम नव्हता. होता डीव्हीडी प्लेअर, आणि सिनेमा पाहायला यंत्र हवं असलेल्या कुटुंबाला तेवढंच कारण पुरेसं होतं. मार्च २००१ मध्ये सेगानं ड्रीमकास्टचं उत्पादन थांबवलं आणि कन्सोल बनवणं कायमचं सोडून दिलं. एकूण खप ९० लाखांच्या थोडा वर. प्लेस्टेशन २ पुढे सोळा कोटींच्या घरात गेला. कर्जात बुडालेल्या कंपनीला ओकावा यांनी मृत्यूपूर्वी आपले सुमारे ७० कोटी डॉलर मोलाचे शेअर देऊन टाकले. सेगा आज गेम बनवणारी कंपनी म्हणून उभी आहे, ती बऱ्याच अंशी त्या शेअरांमुळे.

ड्रीमकास्टनं आखलेल्या वाटेवरून मायक्रोसॉफ्ट गेली, आणि योग्य वेळी गेली. पहिल्या एक्सबॉक्समध्ये जलद इंटरनेटची सोय आतच होती, नोव्हेंबर २००२ मध्ये एक्सबॉक्स लाइव्ह सुरू झालं. सेगा ऑफ अमेरिकाचे माजी प्रमुख पीटर मूर तोवर मायक्रोसॉफ्टच्या वाटेवर होते. पुढचा कन्सोल, एक्सबॉक्स ३६०, मायक्रोसॉफ्टनं नोव्हेंबर २००५ मध्येच आणला, सोनीच्या प्लेस्टेशन ३ च्या अख्खं एक वर्ष आधी. २००६ च्या अखेरीस एक कोटीहून अधिक कन्सोल विकले गेले होते. त्या वर्षाचं फळ पाहा: ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ ही मालिका तोवर आधी प्लेस्टेशनवर येत असे. २००६ च्या ई-थ्रीमध्ये मूर यांनी शर्टाची बाही वर करून दंडावर गोंदवलेलं चौथ्या भागाचं नाव दाखवलं, आणि २००८ मध्ये तो भाग दोन्ही कन्सोलांवर एकाच दिवशी आला. स्टुडिओंना आता त्या एक कोटी घरांकडे दुर्लक्ष परवडणारं नव्हतं.

घाईचं बिलही आलं. कन्सोल तापून बंद पडू लागले, पुढच्या बटणाभोवती लाल दिवे लागले की समजायचं यंत्र गेलं. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं हमी तीन वर्षांची केली आणि दुरुस्तीसाठी एक अब्ज डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. मायक्रोसॉफ्टला ते झेपलं. तसा बिघाड ड्रीमकास्टच्या काळात सेगाला झाला असता तर ओकावांचे शेअरही पुरले नसते.

निंटेंडोनं नोव्हेंबर २००६ मध्ये आणलेल्या ‘वी’ या कन्सोलच्या यशाकडे आता पाहिलं तर त्यात चमत्कार फारसा उरत नाही. हाताच्या हालचालीनं खेळण्याचे प्रयत्न आधीही झाले होते. १९८९ चा पॉवर ग्लोव्ह हा हातमोजा त्यातलाच, वेगळा विकला गेलेला आणि नीट न चालणारा. वीचा रिमोट प्रत्येक पेटीत होता. जपानबाहेर बहुतेक ठिकाणी पेटीतच ‘वी स्पोर्ट्स’ही होता, आणि टेनिसची रॅकेट फिरवायची ती हात फिरवून, हे आजीलाही समजावून सांगावं लागत नसे. अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत वीवर बोलिंगच्या स्पर्धा भरू लागल्या. सोनी आणि मायक्रोसॉफ्ट यांची उत्तरं आली २०१० मध्ये, चार वर्षांनी. तोवर वी दहा कोटींच्या वाटेवर होता. मायक्रोसॉफ्टचा काइनेक्ट कॅमेरा सुरुवातीला धडाक्यानं खपला, पण २०१३ मध्ये तो नव्या एक्सबॉक्सच्या पेटीत सक्तीनं घातला गेला तेव्हा किंमत प्लेस्टेशन ४ पेक्षा शंभर डॉलरनं चढली, आणि त्याच्यासाठी अडून बसावं असा गेम कुणाकडेच नव्हता. वर्षभराच्या आत मायक्रोसॉफ्टनं काइनेक्ट नसलेली पेटी विकायला काढली.

सोनीनं प्लेस्टेशन ५ च्या वेळी हा धडा गिरवलेला दिसतो. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या त्याच्या कंट्रोलरमध्ये बोटाखालचं बटण गरजेनुसार कडक होतं. पडद्यावरची स्प्रिंग दाबायला जोर लागत असेल तर तो जोर बोटालाही लागतो. पावलाखाली वाळू आहे की काच, हे तळहाताला कळतं. दुकानातल्या फळीवरून किंवा जाहिरातीतून हे कुणालाच दाखवता येणार नव्हतं. म्हणून प्रत्येक कन्सोलमध्ये ‘ॲस्ट्रोज प्लेरूम’ हा छोटा गेम आधीच भरलेला होता, फुकट, फक्त हा कंट्रोलर काय करू शकतो ते दाखवायला. तो बनवणाऱ्या टोकियोतल्या छोट्या चमूनं मग त्यातल्याच चिमुकल्या रोबोला घेऊन पूर्ण लांबीचा ‘ॲस्ट्रो बॉट’ केला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम म्हणून त्याचीच निवड झाली.